स्थानबद्धाचे उरलेले हक्क

राष्ट्रावर परचक्र आले असता नागरिकांच्या हक्कांची भाषा करावी की करू नये, हा प्रश्न आपल्याकडे प्रत्येक युद्धाच्या वेळी निघतो. त्याचे उत्तरही बहुधा ठरलेलेच असते : आधी देश, मग हक्क, घर पेटले असता विहिरीच्या मालकीचा वाद कोणी घालू नये. यंदाच्या स्नेहसंमेलनातील वादविवाद स्पर्धेत याच आशयाचा ठराव होता, आणि ठरावाच्या बाजूने बोलणाऱ्या वक्त्यांना टाळ्याही भरपूर मिळाल्या. त्यांच्या देशप्रेमाविषयी मला शंका नाही. परंतु राज्यशास्त्राचा एक विद्यार्थी म्हणून मला असे वाटते की, या प्रश्नाची चर्चा आपण फार ढोबळपणे करतो. ‘हक्क हवेत की नकोत’ असे आपण विचारतो. खरा प्रश्न त्याहून नेमका आहे. युद्धकाळात सरकारने एखाद्या माणसाला खटला न चालविता तुरुंगात ठेवले, तर त्या माणसाजवळ काय उरते? आणि जे उरते ते त्याच्या हक्काचे असते, की सरकारच्या मर्जीचे?

या प्रश्नाचा निकाल लागला तो एका मराठी पुस्तकाच्या हस्तलिखितामुळे. कला शाखेच्या विद्यार्थ्यांना तरी ही हकीकत ठाऊक असावयास हवी. परंतु ती आपल्या पाठ्यपुस्तकांत नाही, म्हणून येथे थोडी विस्ताराने सांगतो.

२० ऑक्टोबर १९६२ रोजी चीनने आपल्या सीमेवर आक्रमण केले. २६ ऑक्टोबरला राष्ट्रपतींनी आणीबाणी जाहीर केली. त्याच सुमारास भारत संरक्षण वटहुकूम निघाला. पुढे त्याचा कायदा झाला आणि त्याखाली नियम तयार झाले. या नियमांतील तिसाव्या नियमान्वये कोणाही व्यक्तीला देशाच्या संरक्षणास किंवा सार्वजनिक सुव्यवस्थेस बाधक असे वर्तन तिने करू नये एवढ्यासाठी स्थानबद्ध करण्याचा अधिकार सरकारला मिळाला. तिने काही गुन्हा केला आहे असे सिद्ध करण्याची गरज नव्हती. ३ नोव्हेंबर १९६२ रोजी राष्ट्रपतींनी घटनेच्या ३५९ व्या कलमाखाली आणखी एक आदेश काढला. जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्य यांचे रक्षण करणारे २१ वे कलम व अटकेविषयीचे २२ वे कलम यांच्या आधारे कोर्टात दाद मागण्याचा अधिकार त्याने तहकूब झाला. मात्र त्या आदेशात एक अट होती. ज्याचा हक्क या वटहुकुमाखाली किंवा त्याखालील नियमाखाली अथवा हुकुमाखाली हिरावला गेला असेल, त्यालाच कोर्टाचे दार बंद होते. ‘खाली’ हा साधा शब्द वाचकांनी लक्षात ठेवावा.

प्रत्यक्ष लढाई २१ नोव्हेंबर १९६२ रोजी थांबली. म्हणजे युद्ध सारे एक महिन्याचे. आणीबाणी मात्र उठली १० जानेवारी १९६८ रोजी. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, असे त्या दिवसांत यशवंतरावांविषयी मोठ्या अभिमानाने म्हटले गेले, आणि तो अभिमान रास्तच होता. परंतु त्याच सह्याद्रीच्या पायथ्याशी, मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगात, तोफा थंडावल्यानंतर कितीतरी काळ माणसे खटल्यावाचून बसून होती.

त्यांत प्रभाकर संझगिरी हे एक होते. कम्युनिस्ट चळवळीतले कार्यकर्ते आणि लेखक. महाराष्ट्र सरकारने त्यांना भारत संरक्षण नियमांखाली स्थानबद्ध केले होते. तुरुंगात, सरकारच्याच परवानगीने, त्यांनी एक पुस्तक लिहिले. पुस्तकाचे नाव ‘अणूच्या अंतरंगात’. विषय पदार्थविज्ञानाचा, अणूच्या पोटातील मूलकण आणि क्वांटम सिद्धांत मराठी वाचकाला समजावून सांगावा, एवढाच त्याचा हेतू. हस्तलिखित पुरे झाल्यावर ते छापण्यासाठी बाहेर पाठवू द्यावे, असा अर्ज त्यांनी सरकारकडे केला. सरकारने नकार दिला. तुरुंगाच्या अधीक्षकांकडे अर्ज केला; तेथेही नकार. तेव्हा ते मुंबई उच्च न्यायालयात गेले.

सरकारने न्यायालयात दिलेले उत्तर मोठे उद्बोधक आहे. हे पुस्तक प्रसिद्ध झाल्याने देशाच्या संरक्षणास धोका पोहोचेल, असे सरकारने म्हटलेच नाही. अणू हा शब्द पाहून कोणाला बाँबची आठवण झाली असेल, तर तसेही प्रतिज्ञापत्रात नव्हते. सरकारचे म्हणणे एवढेच की, स्थानबद्धाला पुस्तक प्रसिद्ध करू देण्यास आम्ही कायद्याने बांधलेले नाही. स्थानबद्धतेच्या अटींचा जो हुकूम आहे त्यात पुस्तक पाठविण्याची सवलत दिलेली नाही. जी सवलत दिलेली नाही ती मागता येत नाही.

उच्च न्यायालयाने हे मानले नाही. हस्तलिखित लेखकाला आपल्या पत्नीकडे प्रकाशनासाठी पाठवू द्यावे, असा आदेश दिला. एवढ्यावर सरकार थांबले असते तर ही गोष्ट आज कोणाला आठवलीही नसती. परंतु महाराष्ट्र सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले आणि तेथे न्या. सुब्बा राव यांनी निकाल दिला.

त्या निकालाचा गाभा साध्या मराठीत असा सांगता येईल. स्थानबद्धतेच्या अटी या सवलतींची यादी नसून निर्बंधांची यादी आहेत. माणूस तुरुंगात येतो तो आपले सर्व हक्क दारात उतरवून, रिकाम्या हाताने येत नाही. कायद्याने आणि कायद्याखालच्या नियमाने जे काढून घेतले तेवढेच गेले. बाकीचे त्याच्याजवळ आहे. पत्रे किती लिहावीत याची अट असेल तर ती पाळावी लागेल. पुस्तकाविषयी अट नसेल, तर केवळ सरकारला वाटते म्हणून ते अडविता येणार नाही. सरकारचा युक्तिवाद मान्य केला तर काय होईल, हे सांगताना न्यायमूर्तींनी एक दाखला दिला : अटींत जेवण देण्याचा उल्लेख नसेल, तर मग स्थानबद्धाला उपाशी मारण्याचीही मुभा आहे असे म्हणावे लागेल! हे जसे कोणी म्हणणार नाही, तसेच तेही म्हणता येणार नाही.

राहिला राष्ट्रपतींच्या आदेशाचा अडसर. येथे तो ‘खाली’ शब्द उपयोगी पडला. नियमाखाली हक्क गेला असेल तरच कोर्टाचे दार बंद. येथे पुस्तक अडविणारा नियमच नव्हता. म्हणजे सरकारने जे केले ते नियमाखाली नव्हे, नियमाबाहेर केले. आणि नियमाबाहेरच्या कृत्याला आणीबाणीचे संरक्षण नाही. सरकारचे अपील फेटाळले गेले.

निकालाची तारीख पाहावी : ६ सप्टेंबर १९६५. त्याच दिवशी आपल्या सेनेने आंतरराष्ट्रीय सीमा ओलांडून लाहोरच्या दिशेने कूच केले होते. पाकिस्तानबरोबरचे युद्ध ऐन भरात आले होते. आणि दिल्लीत देशाचे सर्वोच्च न्यायालय, एका स्थानबद्ध कम्युनिस्टाचे विज्ञानावरचे मराठी पुस्तक तुरुंगाबाहेर जाऊ द्या, असे सरकारला बजावत होते. दुसऱ्याच दिवशी, ७ सप्टेंबरला, त्याच न्यायालयाने डॉ. राममनोहर लोहिया यांना मुक्त केले. पाटण्याच्या जिल्हा दंडाधिकाऱ्याने त्यांना याच नियमांखाली स्थानबद्ध केले होते. नियमात शब्द होते ‘सार्वजनिक सुव्यवस्था’, हुकुमात होते ‘कायदा व सुव्यवस्था’. सरकार म्हणाले, दोन्ही एकच. न्यायालय म्हणाले, नाही. एखाद्या चौकातील दंगा कायद्याचा भंग असेल. म्हणून प्रत्येक भंगाने समाजाचे जीवन विस्कळीत होते असे नाही. ज्याचे स्वातंत्र्य काढून घ्यावयाचे त्याच्या बाबतीत शब्दांची हयगय चालणार नाही.

हे दोन निकाल लागले म्हणून आपण युद्ध हरलो का? खेमकरणला रणगाडे अडले ते अडलेच. २३ सप्टेंबरला युद्धबंदी झाली. मूलकणांवरील पुस्तक तुरुंगाबाहेर पडल्याने सीमेवरचा एकही जवान दुबळा झाला नाही. ‘हक्क दिले तर देश खचेल’ असे म्हणणाऱ्यांनी या दोन दिवसांचा हिशेब एकदा मांडून पाहावा.

ही परंपरा काही १९६५ मध्ये सुरू झाली नाही. दुसऱ्या महायुद्धात इंग्रज सरकारनेही भारत संरक्षण नियम केले होते. मुंबई सरकारने स्थानबद्ध केलेल्या केशव तळपदे यांचे प्रकरण त्या वेळच्या फेडरल कोर्टापुढे गेले. कायद्यात म्हटले होते की, ज्याच्यावर सयुक्तिक संशय आहे त्याला स्थानबद्ध करण्याचे नियम करता येतील. नियमात म्हटले होते की, सरकारची खात्री पटली की पुरे. सरन्यायाधीश सर मॉरिस ग्वायर इंग्रज होते, १९४३ साल होते, जपानी फौजा ब्रह्मदेशात होत्या. तरीही त्यांनी हा नियम कायद्याच्या बाहेरचा ठरवून रद्द केला. सरकारने आठवड्याभरातच वटहुकूम काढून कायदाच दुरुस्त केला, ही गोष्ट खरी. परंतु सरकारला हुकुमाऐवजी कायद्याकडे जावे लागले, चारचौघांत आपला हेतू शब्दांत मांडावा लागला, हेही काही थोडे नव्हे.

त्याआधी दोन वर्षे, १९४१ मध्ये, इंग्लंडच्या लॉर्डसभेपुढे लिव्हरसिज विरुद्ध अँडरसन हा खटला आला होता. प्रतिवादी गृहमंत्री सर जॉन अँडरसन म्हणजे आपल्या बंगालचे पूर्वीचे गव्हर्नर. गृहमंत्र्याला ‘सयुक्तिक कारण’ आहे असे वाटले की झाले, न्यायालयाने ते तपासू नये, असा बहुमताचा निकाल झाला. एकटे लॉर्ड ॲटकिन विरोधात राहिले. शस्त्रांच्या खणखणाटातही कायदे मुके होत नाहीत, असे त्यांनी बजावले. बहुमताची चूक झाली होती हे त्याच लॉर्डसभेतील न्यायाधीशांनी पुढे १९८० मध्ये कबूल केले. अमेरिकेतही २००१ नंतर ग्वांतानामोच्या तळावर ठेवलेल्या बंद्यांना न्यायालयात दाद मागण्याचा अधिकार आहे, हे तेथील सर्वोच्च न्यायालयाने २००४ व २००८ मध्ये ठरविले. म्हणजे हा वाद एका देशाचा नाही आणि एका पक्षाचाही नाही.

परंतु संझगिरी यांच्या खटल्यावर समाधान मानून थांबणे मला पटत नाही. कारण ज्यांना वकील मिळत नाही, ज्यांच्यामागे पक्ष नाही आणि ज्यांची भाषा कोणी बोलत नाही, अशा लोकांचे काय झाले, तेही पाहिले पाहिजे. १९६२ च्या युद्धात सुमारे तीन हजार चिनी वंशाच्या लोकांना आसाम, बंगाल आदी भागांतून उचलून राजस्थानातील देवळीच्या छावणीत नेण्यात आले. त्यांत म्हातारी माणसे होती, शाळकरी मुले होती. कित्येकांचा जन्म भारतातलाच. कोणावर आरोप नाही, खटला नाही. काहींची सुटका व्हायला १९६७ साल उजाडले. घरी परत गेले तर दुकान दुसऱ्याचे झालेले. याच देवळीत १९४१ मध्ये इंग्रजांनी जयप्रकाश नारायण आणि कॉ. डांगे यांना ठेवले होते. तेव्हा तेथील हालांविषयी देशभर आवाज उठला होता. पुढे तेथेच आपण आपल्या शेजाऱ्यांना ठेवले, आणि तेव्हा फारसा कोणी बोलला नाही. निकाल पुस्तकात असतो. तो ज्याला मागता येतो त्याच्याच उपयोगी पडतो.

आता दुसरी बाजू. ३ डिसेंबर १९७१ रोजी पाकिस्तानबरोबर पुन्हा युद्ध सुरू झाले आणि परकीय आक्रमणाची आणीबाणी जाहीर झाली. युद्ध चौदा दिवसांत संपले. ती आणीबाणी मात्र मार्च १९७७ पर्यंत चालूच होती. त्याच वर्षी जुलैमध्ये ‘मिसा’ कायदा आला होता. २५ जून १९७५ रोजी अंतर्गत अशांततेची आणखी एक आणीबाणी आली आणि दोन दिवसांनी राष्ट्रपतींचा नवा आदेश निघाला. या आदेशात १९६२ ची ती अट नव्हती. ‘अमुक कायद्याखाली हक्क गेला असेल तर’ हे शब्दच गाळलेले. दार सरसकट बंद. येरवडा, नाशिक रोड, ठाणे येथील तुरुंग भरले. स्थानबद्धतेची कारणे स्थानबद्धाला सांगण्याची जबाबदारीही कायद्यात दुरुस्ती करून काढून टाकण्यात आली. डिसेंबर १९७५ मध्ये कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षपदावरून दुर्गाबाई भागवतांनी या सत्तेविरुद्ध आवाज उठविला, आणि पुढे त्यांनाही तुरुंगात जावे लागले.

देशातील नऊ उच्च न्यायालयांनी या काळातही स्थानबद्धांचे अर्ज ऐकण्याचा आपला अधिकार सोडला नाही. त्यांविरुद्धची अपिले सर्वोच्च न्यायालयात एकत्र चालली. सुनावणीत न्या. खन्ना यांनी सरकारच्या महान्यायवादींना विचारले की, एखाद्या पोलीस अधिकाऱ्याने वैयक्तिक वैरातून कोणाला ठार मारले तरी कोर्टात उपाय नाही काय? उत्तर मिळाले, आणीबाणी आहे तोवर नाही. वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. १९६५ मध्ये न्यायमूर्तींनी उपासमारीचा दाखला दिला तो सरकारचा युक्तिवाद किती अशक्य आहे हे दाखविण्यासाठी. अकरा वर्षांनी सरकारच्या वकिलाने तसल्याच अशक्य गोष्टीला उघडपणे होकार दिला, आणि तरीही सरकार जिंकले. २८ एप्रिल १९७६ रोजी चार विरुद्ध एक मतांनी निकाल झाला. न्या. रे, न्या. बेग, न्या. चंद्रचूड आणि न्या. भगवती एका बाजूला, एकटे न्या. खन्ना दुसऱ्या बाजूला. स्थानबद्धांची सरकार जवळजवळ आईच्या मायेने काळजी घेत आहे, असेही न्या. बेग यांनी आपल्या निकालपत्रात म्हटले. पुढे जानेवारी १९७७ मध्ये न्या. खन्नांना डावलून न्या. बेग सरन्यायाधीश झाले.

त्याच जानेवारीत मुंबईहून गेलेले आणखी एक प्रकरण निकालात निघाले. स्थानबद्धांना तुरुंगात मिळणाऱ्या वागणुकीविषयी मुंबई उच्च न्यायालयाने दिलेले आदेश सर्वोच्च न्यायालयाने रद्द केले. संझगिरींचा निकाल आधारासाठी पुढे केला गेला तेव्हा उत्तर मिळाले की, त्या वेळचा राष्ट्रपतींचा आदेश सशर्त होता, आताचा बिनशर्त आहे. म्हणजे तेच मुंबई शहर, तसेच तुरुंग, तोच प्रश्न. फक्त एक शब्द गाळला आणि उत्तर उलटे झाले.

यावरून मी जो निष्कर्ष काढतो तो असा. आईची माया ही घरात शोभते. सरकारच्या हाती स्वातंत्र्य दिल्यावर मायेवर विसंबता येत नाही. माया आज असते, उद्या नसते. आपल्या माणसावर असते, परक्यावर नसते. तुरुंगातल्या माणसाला भाकरी मिळाली पाहिजे ती कोणाच्या मायेने नव्हे, तर ती त्याची आहे म्हणून. आणि ‘ती त्याची आहे’ हे म्हणावयास कोठेतरी लिहिलेला शब्द लागतो, तो शब्द वाचणारे न्यायालय लागते, आणि न्यायालय कचरले तर तसे म्हणणारे नागरिक लागतात.

यावर एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो हलका नाही. युद्धकाळात सरकारजवळ अशी माहिती असते की, ती उघड केली तर शत्रूला फायदा होईल. घातपाती माणसाविरुद्ध साक्षीदार उभे करणे नेहमी शक्य नसते. न्यायाधीशाला सीमेवरचे काय कळते? हे सारे मी मान्य करतो. खटल्याशिवाय कोणालाही, कधीही अटकेत ठेवू नये, असे माझे म्हणणे नाही. आपल्या घटनाकारांनीही तसे म्हटले नाही. स्थानबद्धतेचा अधिकार त्यांनी मूलभूत हक्कांच्या प्रकरणातच, २२ व्या कलमात, नोंदवून ठेवला आणि त्याला लगाम घातले. व्यक्तिस्वातंत्र्याच्या कलमातून जे निसटले त्याची काहीशी भरपाई म्हणून हे कलम डॉ. आंबेडकरांनी सप्टेंबर १९४९ मध्ये घटनासमितीपुढे मांडले होते. माझे म्हणणे एवढेच आहे की, अधिकार मोठा असेल तर त्याची वही तितकीच चोख असावी. संझगिरी किंवा लोहिया यांच्या प्रकरणांत न्यायालयाने लष्कराचे एकही गुपित मागितले नव्हते. त्याने फक्त विचारले : तुम्ही जे केले ते कोणत्या नियमाखाली? हा प्रश्न ज्या सरकारला जड जातो, त्याची अडचण युद्धामुळे आलेली नसते.

भिवंडीच्या विद्यार्थ्याने या साऱ्याची काळजी का करावी? आपले गाव कोणाला परिचित आहे ते यंत्रमागांमुळे, आणि दुर्दैवाने दंग्यांमुळे. ७ मे १९७० रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीत येथे दंगल उसळली. मे १९८४ मध्ये पुन्हा उसळली. १९७० च्या दंगलीची चौकशी न्या. मादन यांच्या आयोगाने केली. तपासासाठी नेमलेल्या खास पोलीस पथकाचे काम पक्षपाती होते, असा ठपका त्या आयोगाने ठेवला. मी हे कोणत्याही एका समाजाची कड घेण्यासाठी लिहीत नाही. भीतीच्या दिवसांत सरकारी कागद कसा एका बाजूला कलतो, याचा तो आपल्याच गावातला पुरावा आहे. आणि युद्धाचे दिवस हे भीतीचेच दिवस असतात. ज्या गावात एका भिंतीच्या अलीकडे मराठी, पलीकडे उर्दू, समोर तेलुगू आणि कोपऱ्यावर भोजपुरी ऐकू येते, तेथे संशयाला फार लांब जावे लागत नाही. एखाद्याचे नाव, पोशाख, कोठून तरी आलेले एक पत्र, एवढेही पुरते.

भाषेवरून आठवले. १९६२ च्या जानेवारीत, म्हणजे चीनच्या युद्धाच्याही आधी, सर्वोच्च न्यायालयाने नागपूरच्या हरिकिसन यांना सोडून दिले होते. त्यांना स्थानबद्धतेची कारणे इंग्रजीत दिली होती. त्यांनी हिंदीत मागितली, तर अधिकाऱ्यांनी तोंडी सांगून भागविले. न्यायालयाने म्हटले की, कारणे कळविणे म्हणजे माणसाला समजेल अशा भाषेत लेखी देणे; नाहीतर तो उत्तर कसे देणार? चार भाषांच्या या गावाला या निकालाचे मोल इतरांपेक्षा अधिक कळावयास हवे. तेलंगणातून आलेल्या विणकराला मराठीतला कागद, किंवा गोरखपूरच्या कामगाराला इंग्रजीतला कागद हातात देऊन ‘कारणे कळविली’ असे कोणी म्हणत असेल, तर तेथे उभे राहून ‘हे पुरेसे नाही’ असे सांगणारा माणूस बहुधा आपल्यासारखाच कोणी शिकलेला शेजारी असणार.

आणि हे केवळ युद्धापुरते नाही. १९८० चा राष्ट्रीय सुरक्षा कायदा आणि महाराष्ट्राचा १९८१ चा धोकादायक कृत्यांना आळा घालणारा कायदा आजही लागू आहेत. शांततेच्या काळातही त्यांखाली बारा महिन्यांपर्यंत खटल्यावाचून स्थानबद्ध ठेवता येते. आपल्या गावापुरता असा हुकूम ठाण्याच्या पोलीस आयुक्तालयातून निघू शकतो. कारणे साधारणतः पाच दिवसांत द्यावी लागतात, निवेदन करण्याची संधी द्यावी लागते, प्रकरण सल्लागार मंडळापुढे ठेवावे लागते. तेथे वकील नेण्याचा हक्क मात्र घटनेने दिलेला नाही. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने दोन मोठी कामे केली. आणीबाणीतही २० वे आणि २१ वे कलम तहकूब करता येणार नाही असे ठरविले. आणि ‘अंतर्गत अशांतता’ हे सैल शब्द काढून ‘सशस्त्र बंड’ हे शब्द घातले. परंतु त्याच दुरुस्तीत, मंडळापुढे न नेता ठेवण्याची मुदत तीन महिन्यांवरून दोन महिन्यांवर आणणारा व मंडळ अधिक स्वतंत्र करणारा जो भाग होता, तो संसदेने मंजूर करूनही आजतागायत अमलात आणलेला नाही. मिसाखाली स्वतः तुरुंगात गेलेले अनेक नेते पुढे मंत्री झाले. त्यांच्याही हातून ते झाले नाही. खुर्चीत बसल्यावर लगाम खुपतो, मग बसणारा कोणत्याही पक्षाचा असो.

१९७६ चा तो निकाल सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी स्पष्ट शब्दांत रद्द ठरविला. खाजगीपणाच्या हक्काच्या त्या निकालात, १९७६ च्या बहुमतात असलेल्या न्या. चंद्रचूड यांच्या मुलाने, स्वतः न्यायमूर्ती या नात्याने, वडिलांचे मत चुकीचे होते असे लिहिले. न्यायसंस्थेच्या प्रतिष्ठेची ही गोष्ट आहे. परंतु चूक दुरुस्त व्हावयास एकेचाळीस वर्षे लागली, आणि ज्यांनी ते दिवस तुरुंगात काढले त्यांच्या ते उपयोगाचे नव्हते.

विद्यार्थी मित्रांना माझी विनंती एवढीच की, पुढच्या युद्धाच्या वेळी (ते न येवो) सैनिकांसाठी रक्तदान करावे, निधी जमवावा, अफवा पसरू देऊ नयेत. आणि त्याच वेळी गल्लीतील एखाद्या घरातून माणूस नेला गेला, तर तीन गोष्टी विचाराव्यात : हुकूम कोणत्या कायद्याखाली आहे? कारणे त्याच्या भाषेत लेखी दिली का? त्याचे निवेदन पाठविले गेले का? तो माणूस आपल्याला आवडतो की नाही, त्याचा पक्ष वा धर्म कोणता, हे विचारण्याची गरज नाही. संझगिरींच्या राजकारणाशी न्या. सुब्बा रावांचे काही देणेघेणे नव्हते. त्यांनी फक्त नियमांची वही उघडून पाहिली. गुरुजनांना विनंती अशी की, राज्यशास्त्राच्या आणि मराठीच्याही तासाला या खटल्याचा उल्लेख व्हावा. हातात लेखणी घेऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याला हे कळले पाहिजे की, मराठीत लिहिलेल्या एका साध्या विज्ञानपुस्तकामुळे या देशातील प्रत्येक स्थानबद्धाच्या उरलेल्या हक्कांची मोजदाद झाली.